झडपेची दुरुस्ती आणि हृदयाची लय

मानवी हृदयाला चार कप्पे आणि चार झडपा असतात, हे शाळेच्या पुस्तकात बहुतेकांनी वाचलेले असते. परंतु या चार कप्प्यांत दोन निरनिराळ्या व्यवस्था एकाच वेळी काम करीत असतात, याची कल्पना फार थोड्यांना असते. पहिली व्यवस्था यांत्रिक स्वरूपाची आहे. रक्त एकाच दिशेने पुढे जावे, मागे फिरू नये, यासाठी झडपा उघडतात आणि मिटतात. दुसरी व्यवस्था विद्युत् स्वरूपाची आहे. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागातील एका लहानशा गाठीत आवेग उत्पन्न होतो, तो दोन्ही अलिंदांत पसरतो, मधल्या एका अरुंद वाटेने खाली उतरतो आणि निलयांना आकुंचन पावण्यास भाग पाडतो. निरोगी माणसाच्या हृदयात ही क्रिया मिनिटाला साठ ते शंभर वेळा घडते.

वैद्यकाच्या इतिहासात या दोन व्यवस्था फार काळ दोन वेगळ्या पेशांच्या हाती राहिल्या. झडपेचे काम शल्यचिकित्सकाचे आणि लयीचे काम औषध देणाऱ्या वैद्याचे, अशी जणू वाटणीच झाली होती. रुग्णाच्या छातीत मात्र अशी वाटणी नसते. झडप बिघडली की काही वर्षांनी लयही बिघडते. आणि लय बिघडलेली असताना केवळ झडप दुरुस्त केली, तर रुग्णाचे अर्धेच काम होते. ही दोन्ही कामे एकाच शस्त्रक्रियेत, आणि तीही उरोस्थी न कापता बरगड्यांमधील लहानशा छेदातून कशी करता येतात, त्याने काय साधते आणि काय साधत नाही, हा या प्रकरणाचा विषय आहे.

आकसलेली झडप

पाश्चात्त्य देशांत डाव्या अलिंदाच्या आणि डाव्या निलयाच्या मधली द्विदली झडप बहुधा उतारवयात सैल पडून गळू लागते. भारतात मात्र याच झडपेच्या रोगाचे मुख्य कारण अनेक दशके वेगळे राहिले आहे. लहान मुलांच्या घशाला एका विशिष्ट जातीच्या जीवाणूंचा संसर्ग होतो. पाच ते पंधरा या वयात तो विशेष आढळतो. घसा चार दिवसांत बरा होतो. परंतु जीवाणूंविरुद्ध शरीराने उभारलेली प्रतिकारशक्ती काही मुलांच्या बाबतीत स्वतःच्याच ऊतकांवर उलटते. सांधे सुजतात, ताप येतो आणि हृदयाच्या झडपांनाही दाह होतो. डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात तो संधिवाताभ ज्वर हाच. सांध्यांची सूज मागे काही न ठेवता ओसरते. झडपेवरचा व्रण मात्र राहतो, आणि ज्वराचा प्रत्येक नवा झटका त्यात भर घालतो.

निरोगी द्विदली झडप पूर्ण उघडली असता तिचे तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. व्रणामुळे तिची पाने कडांना एकमेकांस चिकटतात, जाड होतात, आणि हे तोंड दीड चौरस सेंटिमीटरपर्यंत किंवा त्याहूनही खाली येते. त्यातून रक्त पुढे ढकलण्यासाठी डाव्या अलिंदाला फार दाब सोसावा लागतो. पातळ भिंतीचा हा कप्पा मुळात दाब सोसण्यासाठी घडलेलाच नाही. तो ताणतो, फुगतो आणि त्याच्या स्नायूत ठिकठिकाणी तंतुमय ऊतक तयार होते. निरोगी माणसात चार सेंटिमीटरांहून कमी व्यास असलेले अलिंद अशा रुग्णांत सहा सेंटिमीटरांच्याही पलीकडे गेलेले आढळते.

येथे विद्युत् व्यवस्थेचा प्रश्न उभा राहतो. आवेगाला पुढे जाण्यासाठी सलग, एकजिनसी स्नायू लागतो. व्रणांनी भरलेल्या आणि ताणलेल्या अलिंदात आवेगाची लाट कोठे अडते, कोठे फुटते, कोठे वळसा घालून आल्या वाटेने परत फिरते. अशा अनेक लाटा एकाच वेळी भटकू लागल्या म्हणजे अलिंद आकुंचन पावेनासे होते. ते नुसते थरथरते. त्यातील विद्युत् हालचालींची संख्या मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे इतकी होते. या अवस्थेला अलिंद-स्फुरण म्हणतात. इस्पितळाच्या कागदांवर ती एट्रियल फिब्रिलेशन या नावाने लिहिलेली असते. मधली अरुंद वाट यांतील सगळे आवेग खाली जाऊ देत नाही, म्हणून माणूस जगतो. परंतु जे जातात ते वेळीअवेळी जातात, आणि नाडी पूर्णपणे अनियमित होते.

याचे परिणाम दोन प्रकारचे असतात. निलय भरण्याच्या कामी अलिंदाच्या आकुंचनाचा वाटा सुमारे एक पंचमांश असतो. तो नाहीसा होतो. झडप आकसलेल्या रुग्णाला हे नुकसान विशेष जाणवते, कारण त्याचे निलय आधीच अर्धपोटी असते. जिना चढताना कालपर्यंत न लागणारी धाप अचानक लागू लागते. दुसरा परिणाम अधिक भयंकर आहे. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साचून राहते, आणि साचलेल्या रक्ताच्या गुठळ्या होतात. डाव्या अलिंदाच्या बाजूला कानाच्या पाळीसारखे एक पोकळ उपांग असते; अशा गुठळ्यांचे ते आवडते ठिकाण. तेथून सुटलेली गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात होतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावातील लोकांच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष १९७८ साली प्रसिद्ध झाले. अलिंद-स्फुरणाने पक्षाघाताचा धोका पाचपटींहून अधिक वाढतो, आणि त्याच्या जोडीला संधिवाताभ ज्वराने बिघडलेली झडप असेल तर तो सुमारे सतरा पटींनी वाढतो, असे त्यांत दिसून आले. भारतातील रुग्णाची गणना बहुधा या दुसऱ्या गटात होते, आणि तो पुष्कळदा तिशी-चाळिशीतलाच असतो.

बोटापासून फुग्यापर्यंत

आकसलेली झडप मोकळी करण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न हेन्री साउटर यांनी १९२५ साली लंडनमध्ये एका तरुण मुलीवर केला. धडधडत्या हृदयाच्या अलिंद-उपांगात छेद घेऊन त्यांनी त्यातून स्वतःचे बोट आत घातले. त्यांना पुन्हा तशी संधी मिळाली नाही. १९४८ साली अमेरिकेत चार्ल्स बेली आणि ड्वाइट हार्केन यांनी ही पद्धत पुनरुज्जीवित केली आणि लवकरच ती भारतात आली. मुंबईच्या परळ भागातील के. ई. एम. रुग्णालय आणि चेन्नईच्या पश्चिमेस असलेल्या वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ही तिची महत्त्वाची केंद्रे होती. वेल्लोरच्या डॉ. स्टॅन्ली जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली अशा ३,७२४ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. एका संस्थेतून आलेला एवढा मोठा वृत्तांत त्या काळी सगळ्या जगात दुर्मीळ होता. दक्षिण भारतात हा रोग किती पसरलेला होता, याचाही तो पुरावा आहे.

या शस्त्रक्रियेत हृदय उघडावे लागत नसे आणि यंत्रसामग्री जवळपास लागत नसे. म्हणून गरीब देशाला ती परवडली. तिची मर्यादाही स्पष्ट होती. बोट चिकटलेली पाने मोकळी करू शकते. चुना साठून दगडासारखी झालेली झडप ते बदलू शकत नाही आणि गळणारी झडप दुरुस्त करू शकत नाही. त्यासाठी हृदय थांबवावे लागते. ६ मे १९५३ रोजी जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने हे शक्य करून दाखविले, आणि १९६० पासून कृत्रिम झडपा बसविल्या जाऊ लागल्या.

मद्रास शहर या क्षेत्रात पुढे आले ते पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयामुळे. १९७५ साली डॉ. के. एम. चेरियन यांनी तेथे भारतातील पहिली हृद्धमनी-उपमार्ग शस्त्रक्रिया, म्हणजे बायपास, केली. रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी बांधलेल्या इस्पितळात हे घडावे, ही गोष्ट आज थोडी नवलाची वाटते. पण त्या वेळी देशातील उत्तम वैद्यकीय सामग्री बव्हंशी सरकारी संस्थांतच होती. १९८३ साली ग्रीम्स रोडवर अपोलो रुग्णालय सुरू झाले आणि १९८७ साली चेरियन यांच्या पुढाकाराने मद्रास मेडिकल मिशन ही संस्था उभी राहिली. पुढे बंगाल, आसाम आणि बांगलादेश येथील रुग्णही हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी रेल्वेने या शहरात येऊ लागले. झडपांच्या पुरवठ्याशीही चेन्नईचे नाव जोडलेले आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली कलती तबकडी असलेली भारतीय झडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम एका रुग्णाला बसविण्यात आली. तिचे उत्पादन आणि विक्री चेन्नईच्या टी. टी. के. उद्योगसमूहाने हाती घेतली. परदेशी झडपेहून ती पुष्कळ स्वस्त होती, आणि हजारो कुटुंबांच्या दृष्टीने शस्त्रक्रिया होणार की नाही हे त्या फरकावरच ठरत होते.

दरम्यान जपानच्या कांजी इनोउए यांनी फुग्याची युक्ती काढली. मांडीच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेऊन झडपेच्या तोंडात फुगा फुगवायचा, म्हणजे चिकटलेल्या कडा सुटतात. १९८४ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि बोटाने करावयाची शस्त्रक्रिया हळूहळू मागे पडली. या प्रगतीचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. मऊ, केवळ चिकटलेल्या झडपांचे रुग्ण फुग्याकडे गेले. शल्यचिकित्सकाकडे उरले ते ज्यांची झडप चुनखडली आहे किंवा गळते आहे, ज्यांच्या अलिंदात गुठळी आहे, असे जुने आणि कठीण रुग्ण. अलिंद-स्फुरण याच रुग्णांत सर्वाधिक आढळते. म्हणजे झडपेच्या शस्त्रक्रियेपुढे लयीचा प्रश्न आता पूर्वीपेक्षा अधिक वेळा उभा राहतो.

भूलभुलैया

हा प्रश्न शस्त्राने सोडविण्याची कल्पना अमेरिकेतील सेंट लुइस येथील जेम्स कॉक्स यांची. तिच्यामागील तर्क विलक्षण सोपा आहे. भटकणाऱ्या लाटेला वळसा घालून परत येण्यासाठी काही किमान जागा लागते. अलिंदाच्या भिंतीत ठरावीक रेषांवर छेद घेऊन ते पुन्हा शिवले, तर प्रत्येक छेदाच्या जागी व्रण तयार होईल. व्रणातून वीज जात नाही. अशा रेषांनी अलिंदाचे लहान लहान भाग पाडले की कोणत्याही भागात वळसा घालण्यास जागा उरणार नाही. मात्र हे भाग पूर्णपणे तोडून चालणार नाही. गतिकारक गाठीतून निघालेला आवेग प्रत्येक भागापर्यंत पोहोचला पाहिजे आणि त्याला खाली निलयांकडे जाणारी एक वाट सापडली पाहिजे. बागेतील भूलभुलैयात शिरणाऱ्याला अनेक बंद गल्ल्या आणि एकच खरी वाट असते, तशी ही रचना. म्हणून कॉक्स यांनी तिला तेच नाव दिले. इंग्रजीतील ‘मेझ’ हा शब्द आता आपल्याकडील शल्यगृहांतही रूढ आहे. २५ सप्टेंबर १९८७ रोजी त्यांनी ही शस्त्रक्रिया प्रथम एका रुग्णावर केली. पुढील काही वर्षांत त्यांनी रेषांची मांडणी दोनदा सुधारली.

परिणाम उत्तम होते, तरीही फार थोड्या शल्यचिकित्सकांनी ही पद्धत उचलली. कारण उघड आहे. दोन्ही अलिंदे जवळजवळ तुकड्यांत कापून पुन्हा शिवायची, तीही हृदय थांबलेले असताना, म्हणजे वेळ जातो आणि रक्तस्रावाची भीती राहते. ज्याची झडपही बदलायची आहे अशा अशक्त रुग्णावर एवढी कापाकाप लादण्यास कोण धजणार? कापण्याऐवजी व्रण उत्पन्न करण्याचा दुसरा काही मार्ग आहे काय, याचा शोध सुरू झाला.

या शोधाच्या इतिहासात मुंबईचा वाटा मोलाचा आहे, आणि मराठी वाचकाला तो ठाऊक असावयास हवा. ज्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातील पहिले हृदयारोपण केले, तेथील डॉ. ए. एम. पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली युरोपातील हृदय-शल्यचिकित्सेच्या एका प्रमुख नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. संधिवाताभ ज्वराने झडप बिघडलेल्या आणि अलिंद-स्फुरण असलेल्या रुग्णांवर झडपेची शस्त्रक्रिया करतानाच त्यांनी कॉक्स यांच्या रेषा आखल्या होत्या. परंतु सुरीने नव्हे. दोन टोकांमध्ये ऊतक धरून त्यातून उच्च वारंवारतेचा विद्युत्प्रवाह सोडायचा आणि ते जागच्या जागी गोठवायचे, अशी त्यांची रीत होती. रक्तवाहिन्यांची तोंडे बंद करण्यासाठी शल्यचिकित्सक असा प्रवाह नेहमीच वापरतात. महागडे खास उपकरण बाजारात येण्याची वाट न पाहता सार्वजनिक रुग्णालयातील गरजेने सुचविलेला हा मार्ग होता. दोन टोकांत भिंत पकडून प्रवाह सोडण्याचे हेच तत्त्व पुढे परदेशी उपकरणांत आले, आणि २००२ पासून सेंट लुइस येथेच राल्फ डामियानो यांनी कॉक्स यांच्या बहुतेक छेदांच्या जागी तशा रेषा वापरण्यास आरंभ केला.

त्याआधी १९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथून आणखी एक महत्त्वाची माहिती मिळाली होती. मिशेल हेसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्ण तपासले. फुप्फुसांतून रक्त आणणाऱ्या चार नीला डाव्या अलिंदाला मिळतात. अवेळी सुटणारे आवेग जवळजवळ नेहमी त्यांच्या तोंडांशी उगम पावतात, असे त्यांना आढळले. तेव्हापासून या नीलांच्या तोंडांना विद्युत्-दृष्ट्या वेगळे पाडणे ही प्रत्येक उपचाराची पहिली पायरी ठरली. हृदयरोगतज्ज्ञ हे काम मांडीतून नेलेल्या नळीनेही करतात. परंतु झडपेचा गंभीर रोग असलेल्या, फुगलेल्या अलिंदात त्या नळीला यश कमी येते. आणि झडपेसाठी हृदय उघडायचेच असेल तर ही रेषा डोळ्यांसमोर आखण्याची संधी सोडणे शहाणपणाचे नाही.

लहान छेदातून

आता तिसरा धागा. हृदयावरील शस्त्रक्रियेची परंपरागत वाट उरोस्थी उभी कापून जाते. ती प्रशस्त आणि सुरक्षित आहे. पण हाड जुळण्यास दीड-दोन महिने लागतात, आणि तोवर ओझे उचलण्यास मनाई असते. १९९६ च्या सुमारास फ्रान्स आणि अमेरिकेतील काही शल्यचिकित्सकांनी उजव्या बाजूच्या चौथ्या बरगडीखालील पाच ते सात सेंटिमीटरांच्या छेदातून द्विदली झडपेपर्यंत पोहोचण्याची पद्धत विकसित केली. शरीररचनेचा येथे एक सुदैवी योग आहे. डावे अलिंद नावाने डावे असले तरी प्रत्यक्षात ते हृदयाच्या मागच्या बाजूस असते, आणि त्यात शिरण्याचा सर्वांत सरळ मार्ग उजवीकडूनच आहे. समोरून पाहणाऱ्याला जी झडप खोल आणि तिरपी दिसते, ती उजव्या बगलेकडून पाहणाऱ्याला समोरासमोर दिसते.

रुग्णाला भूल दिल्यावर उजवे फुप्फुस तात्पुरते मिटवून ठेवतात. जांघेतील धमनी आणि शीर यांत नळ्या घालून रक्त हृदय-फुप्फुस यंत्राकडे वळवितात. बरगड्यांमधील छेदातून लांब दांड्याची हत्यारे आणि शेजारच्या छिद्रातून कॅमेरा आत जातो. अन्ननलिकेत ठेवलेल्या ध्वनिलहरींच्या शलाकेने अलिंदात गुठळी आहे का, हे आधीच पाहून घेतलेले असते. महाधमनीला चिमटा लावून, हृदयाला थंड द्रव देऊन ते थांबवितात आणि डावे अलिंद उघडतात.

येथून पुढे क्रम महत्त्वाचा ठरतो. बहुतेक ठिकाणी लयीचे काम आधी उरकतात, कारण नवी झडप बसविल्यावर तिच्या कडेपर्यंत रेषा नेणे अवघड आणि धोक्याचे असते. एवढ्या लहान जागेत आता शीतन पुष्कळांना अधिक सोयीचे वाटते. वाकविता येणारी धातूची शलाका भिंतीवर ठेवायची आणि तिच्यातून दाबाखालील वायू सोडायचा. नायट्रस ऑक्साइडने तिचे टोक उणे साठ अंशांच्या आसपास जाते, आरगॉनने त्याच्याही बरेच खाली. दोन-तीन मिनिटांत भिंत आरपार गोठते आणि शलाकेभोवती पांढरा बर्फ दिसू लागतो. उष्णतेपेक्षा शीतनाचा एक गुण असा की स्नायूपेशी मरतात, पण त्यांना धरून ठेवणारी तंतुमय जाळी शाबूत राहते. म्हणून झडपेच्या कडेजवळही ते वापरता येते. अलिंदाच्या पाठीमागे लागूनच अन्ननलिका असते, आणि उष्णतेच्या उपकरणांनी तिला इजा झाल्याची, क्वचित रुग्ण दगावल्याचीही उदाहरणे नोंदलेली आहेत. अर्थात शीतनही बेफिकिरीने करण्याची गोष्ट नव्हे; झडपेच्या कडेने हृदयाची एक महत्त्वाची धमनी वळते, तिचे भान ठेवावेच लागते.

चारही फुप्फुस-नीलांभोवती एक चौकट पूर्ण करतात, तिच्यापासून झडपेच्या कडेपर्यंत एक रेषा ओढतात, आणि उपांगाचे तोंड आतून दुहेरी टाक्यांनी शिवून टाकतात. पूर्वी याच उपांगातून शल्यचिकित्सकाचे बोट हृदयात शिरत असे. रोग जुना असेल तर उजव्या अलिंदातही रेषा आखाव्या लागतात. त्यानंतर झडपेचे काम. अनुभवी हातांना लयीच्या कामासाठी काही मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत अधिक वेळ लागतो. रेषेत कोठे तसूभर खंड राहिला, तर मात्र सगळे श्रम वाया जाण्याची शक्यता असते. आवेगाला तेवढी फटही पुरते.

फायदा किती?

अशा दुहेरी उपचाराचा लाभ किती, याचे सर्वांत विश्वसनीय उत्तर अमेरिका आणि कॅनडा येथील २६० रुग्णांच्या पाहणीतून २०१५ साली मिळाले. सर्वांच्या द्विदली झडपेवर शस्त्रक्रिया झाली आणि सर्वांचे उपांग बंद करण्यात आले; चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्यांच्या अलिंदात रेषाही आखण्यात आल्या. सहा महिन्यांनी आणि वर्षाने केलेल्या दोन्ही तपासण्यांत, रेषा आखलेल्यांपैकी ६३.२ टक्के रुग्ण अलिंद-स्फुरणापासून मुक्त होते. इतरांत हे प्रमाण २९.४ टक्के होते. मृत्यूच्या प्रमाणात मात्र वर्षभरात फरक दिसला नाही. शिवाय रेषा आखलेल्या गटात कायमचा पेसमेकर बसवावा लागण्याचे प्रमाण अडीच पटींहून अधिक होते. हा आकडा रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वीच सांगितला पाहिजे. लय सुधारण्याच्या आशेने गेलेल्या माणसाच्या छातीत यंत्र बसवून घेण्याची पाळी आली, तर त्याला ती फसवणूक वाटू नये.

उपांगासंबंधीचा पुरावा अधिक भक्कम आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, ४,८११ रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय पाहणीत, इतर कारणासाठी हृदयावर शस्त्रक्रिया होत असताना उपांग बंद केलेल्यांपैकी ४.८ टक्क्यांना सरासरी पावणेचार वर्षांत पक्षाघात किंवा गुठळीने होणारा तत्सम आघात झाला. न केलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. काही टाके आणि थोडी मिनिटे यांच्या मोबदल्यात एवढा लाभ देणाऱ्या गोष्टी शल्यचिकित्सेत फारशा नाहीत. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूत्रांत द्विदली झडपेच्या शस्त्रक्रियेबरोबर लयीचा शल्योपचार करण्याची ठाम शिफारस केली आहे.

लहान छेदाविषयी मात्र संयमाने बोलणे योग्य. ब्रिटनमधील ३३० रुग्णांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लहान छेद आणि उरोस्थीचा छेद यांची तुलना केली होती. लहान छेदाचे रुग्ण थोडे लवकर घरी गेले, झडपेची दुरुस्ती दोन्ही गटांत सारखीच चांगली झाली. परंतु बारा आठवड्यांनी शारीरिक क्षमतेत फरक राहिला नव्हता. उतारवयात झडप सैल पडलेल्या रुग्णांची ही पाहणी होती. शेतावर किंवा बांधकामावर काम करणाऱ्याला पहिल्या दोन महिन्यांतील फरक रोजगाराच्या हिशेबाने मोठा वाटेल, हे खरे. पण लहान व्रण म्हणजे लहान शस्त्रक्रिया, हा जाहिरातींनी पसरविलेला समज चुकीचा आहे. आत हृदय तितकेच थांबते, आणि बहुधा अधिक वेळ थांबते. छेद लहान राहावा म्हणून लयीच्या रेषा अपुऱ्या सोडण्याचा मोह शल्यचिकित्सकाला होत असेल, तर त्याने उरोस्थी कापलेली बरी.

यांत्रिक झडप आणि लयीचा प्रश्न

भारतीय रुग्णाच्या बाबतीत एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. तरुण रुग्णाला प्राण्यांच्या ऊतकाची झडप बसविली तर ती काही वर्षांत झिजते. म्हणून बहुधा धातूची यांत्रिक झडप बसवितात. अशा झडपेवर गुठळी होऊ नये यासाठी वॉरफरिन हे औषध जन्मभर घ्यावेच लागते. मग गुठळीची भीती औषधानेच टळत असेल, तर लय सुधारण्याचा खटाटोप कशाला?

या आक्षेपाला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, वॉरफरिन गुठळी टाळते, धाप टाळत नाही. अलिंद पुन्हा आकुंचन पावू लागले, तर निलयाला मिळणारा तो पाचवा हिस्सा परत मिळतो आणि नाडीचा वेगही ताब्यात राहतो. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. जेथे झडप बदलण्याऐवजी दुरुस्त करता येते, तेथे लयही सुधारली तर वॉरफरिन सुटण्याची निदान शक्यता निर्माण होते. लय तशीच राहिली तर दुरुस्तीचा निम्मा लाभ हातचा जातो.

वॉरफरिन सुटणे म्हणजे काय, हे ते घेणाऱ्यालाच कळते. मात्रा थोडी कमी पडली तर गुठळी, थोडी जास्त झाली तर रक्तस्राव. दर काही आठवड्यांनी रक्ताची तपासणी करावी लागते. मेथी-पालकासारख्या पालेभाज्यांचे प्रमाण एकदम बदलले की औषधाचा परिणाम बदलतो. मोठ्या शहरात हे सारे जमते. तालुक्याच्या गावाहून पन्नास किलोमीटर दूर राहणाऱ्याला प्रत्येक तपासणी म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि बसभाडे. गर्भधारणेच्या वयातील स्त्रीची अडचण आणखी बिकट असते. गर्भाच्या सुमारे सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत वॉरफरिनमुळे बाळात व्यंग येऊ शकते. ते बंद केले तर झडपेवर गुठळी होऊन आईचा जीव धोक्यात येतो. ज्या रोगाने मुख्यतः तरुण स्त्रिया पछाडल्या जातात, त्याच्या उपचारात हा पेच वारंवार उभा राहतो. नवी, तपासणीची गरज नसलेली औषधे येथे उपयोगी पडत नाहीत. यांत्रिक झडपेच्या रुग्णांवरील तशा एका औषधाची चाचणी अपाय दिसल्यामुळे थांबवावी लागल्याचे २०१३ साली जाहीर झाले. संधिवाताभ ज्वराने झडप बिघडलेल्या आणि अलिंद-स्फुरण असलेल्या सुमारे साडेचार हजार रुग्णांच्या २०२२ च्या पाहणीत जुने वॉरफरिनच सरस ठरले.

सर्वच रुग्णांना हा दुहेरी उपचार मानवत नाही. स्फुरण दहा-पंधरा वर्षांचे जुने असेल, अलिंद सहा सेंटिमीटरांच्या पुढे गेले असेल, तर रेषा आखूनही लय टिकण्याची आशा कमी. मग शस्त्रक्रिया लांबविण्यात अर्थ नाही आणि उपांग तेवढे बंद करणे श्रेयस्कर. जांघेतील धमन्या कठीण झाल्या असतील किंवा पूर्वीच्या आजाराने उजवे फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटले असेल, तर लहान छेदाचा मार्ग बंद होतो. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या देशात ही दुसरी अडचण वाटते तितकी विरळ नाही. खर्चाचा प्रश्न तर आहेच. तमिळनाडूत २००९ पासून आणि महाराष्ट्रात २०१२ पासून सरकारी विमा योजनांनी झडपेच्या शस्त्रक्रियेचा भार पुष्कळ हलका केला. पण एकदाच वापरता येणाऱ्या शीतन-शलाकेची किंमत वेगळी मोजावी लागते. के. ई. एम.मधील साध्या चिमट्याची आठवण अशा वेळी सयुक्तिक ठरते.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन महिने निकाल देण्याचे नसतात. भाजलेल्या किंवा गोठविलेल्या रेषा सुजलेल्या असतात, त्यांचे पक्के व्रण बनण्यास वेळ लागतो, आणि या काळात स्फुरण पुन्हा दिसले तरी उपचार फसला असे समजत नाहीत. लय आवरणारी औषधे आणि वॉरफरिन चालूच ठेवतात. त्यानंतर चोवीस तास किंवा अधिक काळ अंगावर बाळगण्याच्या यंत्राने हृदयालेख घेतात, कारण दवाखान्यातील अर्ध्या मिनिटाच्या आलेखात अधूनमधून येणारे स्फुरण निसटून जाते. ज्याच्या घशात लहानपणी हे सारे सुरू झाले, त्या तरुण रुग्णाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुईही घ्यावी लागते. झडप नवी असो की दुरुस्त केलेली, ज्वराचा नवा झटका उरलेल्या झडपांना सोडीत नाही.